वाघूर आणि आलं

माझ्या सासऱ्यांना एका जागी बसवत नाही. मलाही बसवत नाही. असे दोन जीव एका घरात पडले की घराचं काय होतं ते आमच्या ह्यांना विचारा. हे रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात आणि म्हणतात, "मला बाई मशीनपाशीच बरं वाटतं. ती निदान बटण दाबलं की थांबते."

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. केंदूरच्या शिवारात आमची जमीन आहे, घर आहे, पण आबा त्या घरात पाहुण्यासारखे यायचे. माझं लग्न होऊन मी इथं आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुझा सासरा चांगला हाय गं, फकस्त दिसत न्हाई." मला वाटलं थट्टा करतायत. नंतर कळलं, खरंच सांगत होत्या.

मग आबांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. समोरचं दिसतं, बाजूचं काही दिसत नाही. नळीतून बघावं तसं. आम्हाला ते कळायच्या आधी ट्रकला कळलं. कोरेगाव भीमाच्या पुढं हायवे ओलांडताना डावीकडून आलेला ट्रक आबांना दिसलाच नाही. बरीच मेंढरं गेली. आबांच्या धोतराला चाक चाटून गेलं. त्या दिवशी हे शिफ्ट सोडून आले, रस्त्याच्या कडेला बसलेल्या बापाला गाडीवर घातलं आणि घरी आणलं. उरलेली मेंढरं आबांच्या भाच्यानं आपल्या कळपात घेतली. सासूबाई तर त्याच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळं आता आबा घरी आहेत म्हणून आनंद व्हावा असं घरात कुणी नव्हतं.

मेंढरं गेली, पण आबांचे पाय राहिले ना! रस्त्यानं कुठलाही कळप चालला की घंटांच्या आवाजामागं निघाले. एकदा पार कारेगावच्या चौकात सापडले. तिथं कंपन्यांत कामाला आलेली बिहारकडची माणसं खोल्या करून राहतात. त्यातल्या एकानं आबांना हाताला धरून चहाच्या टपरीवर बसवलं होतं आणि विचारत होता, "चाचा, किधर जाना है?" आबा त्यालाच उलट विचारत होते, "मेंढरं किधर गया?" मी गेले तेव्हा दोघंही एकमेकांवर वैतागलेले होते.

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. घरी आल्यावर आबा शांतपणे म्हणाले, "दिवाळीनंतर म्या भाच्यासंगं कोकणात जाणार हाय. तवर तुम्ही काय सांभाळायचं ते सांभाळा मला." मी म्हणाले, "आबा, घाटात गाड्या दोन्ही बाजूंनी येतात." तर म्हणाले, "मेंढरं बी दोन्ही बाजूंनी असत्यात." घ्या! डोळ्याला बाजू नसलेला माणूस रस्त्याच्या कडेकडेनं कोकणात जाणार. गेला तर परत येणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

आणि तयारी होती त्यांची. पडवीतल्या खुंटीवर त्यांची वाघूर टांगलेली होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. हल्ली सगळे नायलॉनची घेतात. आबांची सुताची होती, त्यांनी स्वतः विणलेली. मेंढरं दिली, कुत्रं दिलं, वाघूर दिली नाही. मी एकदा धूळ झटकायला म्हणून खुंटीवरून काढली तर अंगावर आले. "हात लावायचा न्हाई. त्ये माझं घर हाय." मी मनात म्हणाले, मग हे काय आहे ज्यात मी रोज झाडू मारते?

आल्याचं डोक्यात आलं ते माझ्या भावामुळं. माझं माहेर दौंडकडं, कालव्याच्या पाण्यावर. तिथं ऊस एके ऊस, सावली म्हणाल तर विजेच्या खांबाची. माझा भाऊ मात्र जरा उचापत्या. त्यानं घरामागच्या आंब्याखाली आलं लावून बघितलं होतं आणि फोनवर रोज त्याचं कौतुक. "ताई, याला कडक ऊन सोसत नाही. थोडी सावली दिली की पान कसं हिरवंगार राहतं बघ. आणि वर्षभर मागं लागतं हे पीक. आज भर लाव, उद्या पाणी बघ, परवा सड लागली का बघ. जरा बसू देत नाही."

जरा बसू देत नाही! माझ्या डोक्यात तेच राहिलं. मला आल्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला आबांना बांधून ठेवणारं काहीतरी हवं होतं.

आमच्या घरामागं जागा होती. आंबे आणि चिकू मधे, बांधाला शिवण आणि साग. ही सगळी सासूबाईंची लावणी. नवरा आठ-आठ महिने कोकणात, मग ही बाई करणार काय? झाडं लावायची. आबा परत आले की झाडं हातभर वाढलेली असायची आणि त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही. आता त्या झाडांखाली काही येत नव्हतं. बाजरी टाकली तर पिवळी पडायची, कांद्याची नुसती पात. हे दरवर्षी म्हणायचे, झाडं काढून टाकू. मी म्हणाले, थांबा, यंदा मला बघू द्या.

अक्षय्य तृतीया झाली आणि भावानं बेणं आणून दिलं. सोबत आच्छादनाला उसाचं पाचट, ट्रॉलीभर. आम्ही गादीवाफे केले, ठिबक ओढलं. आबा खाटेवरून बघत होते, म्हणजे मान फिरवून फिरवून बघत होते. शेवटी बोललेच, "च्याला किती लागतंय गं आलं? नखाएवढं. त्याला एवढं वावर कशाला?"

"तुम्हाला राखणीला बसवायचंय म्हणून," मी म्हणाले.

"आल्याची राखण? त्ये काय उठून पळतंय व्हय?"

"ते नाही पळत. म्हणूनच तुम्हाला बसवायचंय."

त्यांना कळलं. नळीतून का होईना, माणसाला सगळं कळतं.

लावलं आणि माझ्याच जिवाला घोर लागला. आल्याचं एक वाईट आहे, ते लवकर तोंड दाखवत नाही. बाजरी कशी चार दिवसांत हिरवी सुई वर काढते. हे मेलं मातीत पडून राहिलंय ते राहिलंय. भाजी फोडणीला टाकायची आणि पळत मागं जायचं. काही नाही. धुणं वाळत घालायचं आणि परत जायचं. काही नाही. भावाला फोन केला की तो हसायचा. "ताई, तू उकरून बघू नको हां." उकरून! मी तर बोटानं कडेकडेनं चाचपून बघतच होते. एक दिवस वाफ्याच्या पलीकडं खुडबुड ऐकली. बघते तर आबा पालथे पडून माती चाचपतायत.

"काय करताय?"

"तू काय करतीस?"

दोघंही चोर. मग दोघांनी मिळून कोंब हुडकला. पहिला आबांच्या बोटाला लागला. "हाय गं, हाय! टोचतंय!" म्हणाले. त्या माणसाचं तोंड मी पहिल्यांदा घरात उजळलेलं बघितलं.

पुढं पाऊस झाला, आलं गुडघ्याला आलं, आणि श्रावणात उटाळणी आली. उटाळणी म्हणजे लांब दांड्याच्या खुरप्यानं रोपाच्या कडेची माती हलवायची, म्हणजे जुन्या मुळ्या तुटतात आणि नवीन तंतुमुळ्या फुटतात. मी खुरपं घातल्याबरोबर आबा ओरडले, "आगं मुळ्या तोडतीस व्हय! येड लागलं का?" मी सांगितलं की तोडल्या तरच नव्या येतात, कंद पोसतो. त्यांनी खुरपं माझ्या हातातून घेतलं. त्या कामाला डोळे फार लागत नाहीत, हात लागतो, आणि हात त्यांचा सरळ होता. ऊन कलेपर्यंत त्यांनी एकट्यानं वाफे उटाळले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पोळी करपली तरी बघत होते. हा माणूस एका जागी होता.

सगळा पावसाळा असा गेला. घोंगडी टाकून आंब्याखाली बसायचे, पाणी कुठं साचलं तर मला हाक मारायचे. वाघूर खुंटीवरच होती, पण तिचं नाव निघत नव्हतं. मला वाटलं, जमलं. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, ही म्हण मी विसरले होते.

दसरा झाला. पाऊस गेला आणि ते मधलं ऊन पडलं, अंगाची लाही करणारं. त्याच वेळी भाचा कळप घेऊन आला. दिवाळीनंतर खाली उतरायचं, त्याआधी मामाला भेटायला म्हणून. मी त्या दिवशी बाजाराला गेले होते. परत आले तर घरामागं मेंढरांचा गलका, आणि उजेड. आधी मला तो उजेडच कळेना. आमच्या घरामागं दुपारी असा उजेड कधी पडत नाही.

बांधाच्या शिवणीला फांदी राहिली नव्हती. आंब्याची मावळतीकडची बाजू भुंडी केलेली. आबांच्या हातात आकडी, वेळूच्या टोकाला कोयता बांधलेली, आणि ते वर बघून चाचपत आणखी एक फांदी ओढत होते. खाली मेंढरं पाला ओरबाडत होती. आणि आल्यावर, पावसाळाभर सावलीत वाढलेल्या त्या कोवळ्या पानांवर, भर दुपारचं ऊन.

धनगराच्या दारात मेंढरू आलं की त्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. मीही त्याच जातीची, मला काय माहीत नाही? आबांनी जन्मभर झाड बघितलं की त्याचा पाला बघितला. त्या पाल्याखाली सावली पडते, आणि त्या सावलीखाली आपलं आलं आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पण ते सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात जाळ झाला.

"आबा!" मी अशी ओरडले की मेंढरं बाजूला सरली. "मेंढरानं केलं असतं तर मेंढराला शिव्या घातल्या असत्या. तुम्हाला काय घालू? ह्या झाडांखाली तुम्ही जन्मात कधी बसला होता का? जिनं लावली तिला विचारलं का तोडताना? जायचंय ना तुम्हाला? मग जा! सगळं भुंडं करून जा!"

भाचा खाली मान घालून उभा. आबांनी आकडी हळूच झाडाला टेकवली. "पाणी दे गं थोडं," एवढंच म्हणाले. मी दिलं नाही. मी बोलले ते बोलले, आजही त्यातला एक शब्द मागं घेणार नाही. पण पाणी द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आबांची खाट रिकामी. आणि पडवीतली खुंटी रिकामी.

वाघूर नाही म्हणजे आबा कोकणात निघाले. ह्यांना फोन लावला, पण ह्यांची फर्स्ट शिफ्ट, मोबाईल गेटवर लॉकरमध्ये. स्कूटी काढली आणि निघाले. गावाबाहेर भाच्याचा तळ होता, तिथं गेले. भाचा शपथेवर म्हणाला, "वहिनी, मामा आलंच न्हाईत. तुमच्या गळ्याची आण." तिथून हायवेला. टपऱ्या, पंक्चर काढणारे, हॉटेलवाले, सगळ्यांना विचारलं, "खांद्यावर जाळी असलेला म्हातारा बघितला का?" कुणी नाही म्हणालं, कुणी पलीकडं हात दाखवला. पार कोरेगावला भीमेच्या पुलापर्यंत गेले. पुलावर उभी राहून खाली बघितलं, आणि मग आपण खाली का बघतोय हे लक्षात येऊन तिथंच रडू फुटलं. मागून कंटेनरवाले हॉर्न मारत होते. मी देवाला म्हणाले, त्यांना जाऊ दे कोकणात, कुठं जायचं तिथं जाऊ दे, फक्त जिते असू दे.

घरी परतले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. गाडी लावली आणि घरामागून ठोकल्याचा आवाज आला.

सगळा तालुका पालथा घातला होता मी, आणि घरामागं हाकेच्या अंतरावर बघितलं नव्हतं. ते तिथं असतील हे मनातच आलं नव्हतं. आबा पहाटेच ओढ्याला जाऊन बाभळीच्या मेढी तोडून आले होते. वाफ्यांच्या कडेनं त्या कमरेएवढ्या रोवल्या होत्या आणि त्यावर वाघूर ताणून बांधली होती. तीच, जिला हात लावायचा नव्हता. वर उरलेलं पाचट टाकलं होतं, तोडलेल्या फांद्या पसरल्या होत्या. खाली आल्यावर सावली पडली होती. आबा शेवटच्या मेढीला गाठ मारत होते. मेंढरं कोंडायची तीच गाठ.

"कुठं गेली हुतीस सकाळधरनं?" मलाच विचारलं. "भाकर न्हाई, काय न्हाई."

मी म्हणाले, "बाजारात." आणि आधी तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

दिवाळी झाली. एका सकाळी घंटा वाजत भाच्याचा कळप आमच्या रस्त्यानं निघाला. आबा वाफ्याच्या कडेला उभे होते. मी दारात. भाच्यानं हाक मारली, "मामा, येताय न्हवं?"

आबा म्हणाले, "जाळी मोकळी न्हाई रं. जावा तुम्ही."

कळप वळणाआड जाईपर्यंत त्यांची मान हळूहळू फिरत राहिली. बाजूचं दिसत नाही म्हणून मान फिरवावी लागते. मला जे हवं होतं ते झालं होतं, आणि मला ते बघवेना. मी आत जाऊन उगाचच भांडी घासायला काढली.

पुढं थंडीत आल्याचा पाला पिवळा पडला, वाळला, गळून गेला. ते तसंच असतं, वर सगळं वाळतं आणि आलं खाली ठणठणीत राहतं, तेव्हाच काढायचं. भाऊ फोनवर फोन. "ताई, काढ आता." हे म्हणाले, "भाव बरा आहे, काढून टाकू." मी म्हणायचे, राहू दे अजून थोडं. जमिनीत आलं टिकतं. लोकांना वाटलं मी वाढीव भावासाठी अडून बसलेय. भावबिव काही नव्हतं. आलं निघालं की जाळी मोकळी होणार होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जाळी मोकळी झाली की हा माणूस एसटीत बसून कोकणात कळप गाठेल. रोज सकाळी उठून मी आधी मागं जायचे, जाळी बघायचे, मग चहा टाकायचे. रोज काहीतरी निमित्त. आज पाहुणे, उद्या अमावस्या. झोपेतसुद्धा मी आलं लांबणीवर टाकत होते.

होळी जवळ आली तेव्हा आबांनीच हाक मारली. "ए पोरी, हिकडं ये."

गेले. त्यांनी वाघुरीचा एक कोपरा माझ्या हातात दिला. "धर. आन् वढ."

"कशाला?"

"वढ म्हंतो न्हवं!"

मी ओढलं. फार जोर लावला नव्हता. जाळी चर्रकन फाटली, जुनं लुगडं फाटतं तशी. सुताचे तुकडे माझ्या हातात राहिले, बोटांनी चोळले तर त्यांचा भुगा झाला.

"सूत हाय त्ये," आबा म्हणाले. "वरनं दव, ऊन, पाचटाची कूज. एवढं सोसून ऱ्हातंय व्हय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्याच इणली. मला म्हाईत न्हसंल तर कुणाला?"

"कधीपासून?"

"टाकली तवापास्नं."

माझ्या हातात ते भुगा झालेलं सूत. त्यांनी आपलं घर ताणून माझ्या आल्यावर घातलं होतं, ते परत मिळणार नाही हे जाणून, आणि मी चार महिने ते पळून जातील म्हणून पहारा करत होते. डोळ्यांना पदर लावला तर आबा करवादले, "आता रडतीस कशाला? कवाचं काढायला आलंय. कुदळ आन. म्या कुठं जात न्हाई."

मी कुदळ आणायला पळाले. परत आले तर आबा फाटक्या वाघुरीखाली मांडी घालून बसले होते आणि हातानंच माती उकरत होते. मी येईपर्यंतही त्यांना दम निघाला नव्हता.